दुसऱ्याच्या नावे मांडलेला खर्च

ई-सिगारेट, म्हणजे आजची तरुण मंडळी जिला नुसते 'व्हेप' म्हणतात ती वस्तू, कितीला पडते हा प्रश्न वरकरणी बाजाराचा आहे, आणि एखाद्या दुकानदाराने दोन शब्दांत उत्तर देऊन मोकळे व्हावे इतका तो क्षुल्लक वाटतो. परंतु ते उत्तर शोधू जाणाऱ्यास थोड्याच वेळात असे आढळते की, जी वस्तू एका देशाचे सरकार आपल्या तिजोरीतून फुकट वाटते, तीच विकणाऱ्यास दुसऱ्या देशाचे सरकार तुरुंगाची वाट दाखविते. 2023 च्या एप्रिलात इंग्लंडच्या सरकारने 10 लाख धूम्रपान करणाऱ्यांना, त्यांची सिगारेट सुटावी या हेतूने, व्हेपचा संच मोफत देण्याची योजना जाहीर केली. आपल्याकडे 18 सप्टेंबर 2019 च्या अध्यादेशाने आणि त्याच वर्षअखेरीस झालेल्या कायद्याने तिचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण आणि जाहिरात हे सर्व बंद करण्यात आले. पहिल्या अपराधास 1 वर्षापर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तोच अपराध पुन्हा घडल्यास 3 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाखांपर्यंत दंड, आणि नुसता साठा सापडला तरी 6 महिने किंवा 50 हजार, अशी शिक्षेची चढती भाजणी त्या कायद्यात आहे. फुकटापासून कारावासापर्यंत जिचा भाव हलतो अशा वस्तूच्या किमतीचा निवाडा एकट्या अर्थशास्त्राकडून होण्यासारखा नाही, असे मला वाटते. म्हणून हा विषय मी माहूरगडावर नेतो.

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकास, पैनगंगेच्या काठच्या डोंगरांत, रेणुकेचे, दत्तात्रेयांचे आणि अनसूयेचे अशी तीन शिखरे जेथे एकमेकांकडे पाहत उभी आहेत, तेथे हा प्रश्न नेण्याचे कारण श्रद्धेचे कमी आणि सोयीचे अधिक आहे. जिभेचे लाड कोठवर करावेत आणि त्यांचा खर्च कोणाच्या नावे मांडला जातो, या एका प्रश्नावर या स्थानाशी संबंध असलेल्या तीन निरनिराळ्या परंपरांनी आपापल्या परीने काही सांगून ठेवले आहे, आणि त्यांचे सांगणे परस्परांशी पुरते जुळत नाही, हे त्यात विशेष.

प्रथम वस्तू पाहू. तिचे प्रकार पुष्कळ असले तरी अंतरंग एकच: लिथियमची एक छोटी बॅटरी, तारेचे एक वेटोळे, त्या वेटोळ्यात गुंतविलेला कापसाचा बोळा, आणि तो बोळा सदैव भिजता ठेवणारा द्रव. नळी ओठांशी धरून श्वास आत ओढला की आतील यंत्रणेस त्याची चाहूल लागते, तारेत वीज जाते, तार तापते, आणि प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन व आंब्यापासून पुदिन्यापर्यंत हवा तो स्वाद यांचे मिश्रण असलेला तो द्रव धुरासारख्या दिसणाऱ्या वाफेच्या रूपाने छातीत उतरतो. यात जळत काहीच नाही. त्यामुळे राख नाही, थोटूक नाही, आणि सदऱ्याला वास राहत नसल्यामुळे घरी बापाच्या नाकाला दाद देण्याची आवश्यकताही नाही. हे यंत्र 2003 च्या सुमारास ज्याने घडविले तो होन लिक नावाचा चिनी औषधतज्ज्ञ स्वतः ओढणारा आणि ओढणाऱ्या बापाचा मुलगा होता.

प्रकारांत सर्वांत स्वस्त ती एकदा वापरून फेकून द्यावयाची. इंग्लंडात 2 मिलिलिटर द्रवाची अशी नळी सुमारे 5 पौंडांना मिळे. 2023 साली तेथे आठवड्याला अशा जवळजवळ 50 लाख नळ्या, त्यांतील बॅटऱ्यांसह, कचऱ्यात जात होत्या, आणि अखेरीस 1 जून 2025 पासून त्यांची विक्री तेथेही बंद करण्यात आली. दुसरी, विजेवर पुन्हा भरून घेता येणारी आणि द्रवाची कुपी, अर्थात पॉड, तेवढी बदलावयाची. तिसरी मोठ्या बॅटरीची आणि टाकीची, जिला शौकीन लोक 'मॉड' म्हणतात. ही घेताना महाग, परंतु द्रव बाटलीतून ओतून घ्यावयाचा असल्यामुळे चालविण्यास स्वस्त. व्यापाराचे खरे मर्म मधल्या प्रकारात आहे. 2015 साली अमेरिकेत निघालेल्या 'जूल'चा संच 50 डॉलरांच्या घरात मिळे आणि चार कुप्यांचे पाकीट 16 डॉलरांच्या घरात. म्हणजे दिवसाला एक कुपी लागणाऱ्या मनुष्याचा कुप्यांवरचा खर्च दोन आठवड्यांच्या आतच उपकरणाला मागे टाकून पुढे जाई आणि मग जन्मभर पुढेच राही. दुकानात विचारला जाणारा भाव नळीचा असतो. माणूस पैसे मोजीत राहतो ते कुपीचे. आपल्या देशात बंदीमुळे या हिशेबालाही ठाव उरलेला नाही. चोरून आलेल्या मालाला ना छापील किंमत, ना पावती, ना बिघडल्यास परत करण्याची सोय. विकणाऱ्याच्या मनातील भीती आणि घेणाऱ्याच्या खिशातील ऐपत यांच्या मधोमध कोठे तरी भाव ठरतो आणि दुसऱ्या दिवशी तो बदलतोही.

उपकरण आधी आणि व्यसन मागून, हा क्रम मात्र काही नवा नाही. आपल्या दख्खनेत तर तो चारशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेला आहे. अकबर बादशहाचा वकील असद बेग विजापुरास गेला असता त्याने तेथे तंबाखू पाहिला आणि 1604-05 च्या सुमारास तो आग्र्यास नेला. माहूर त्या वेळी मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार होते, हे जाता जाता सांगावयास हरकत नाही. असद बेगाने बादशहापुढे नुसती पाने ठेवली नाहीत. अचीनहून आलेली तीन हात लांबीची रंगीत नळी, तिच्या दोन्ही टोकांना जडाव आणि मिना, तोंडाशी येमेनी अकीकाचा लंबगोल तुकडा, विस्तवासाठी सोन्याचे पात्र, आणि आदिलशहाने दिलेल्या पानदानाच्या पिशवीत भरलेला उंची तंबाखू, असा सारा सरंजाम त्याने चांदीच्या तबकात मांडून नजर केला. बादशहाने दोनचार झुरके घेतले. हकिमाने हरकत घेतली. असद बेगाने वाद घातला. आणि आपल्या ग्रंथांत जिचा उल्लेख नाही एवढ्याच कारणाने परदेशस्थांनी मानलेली वस्तू आपण टाकू नये, अशा अर्थाचे उदार उद्गार बादशहाच्या मुखातून निघाले. अकबराने स्वतः पुढे तंबाखू धरला नाही. परंतु असद बेगापाशी साठा भरपूर होता, तो त्याने अमीर-उमरावांना वाटला, ज्यांना मिळाला नाही त्यांनी मागून घेतला, आणि मग, असे तो स्वतःच लिहितो, व्यापाऱ्यांनी विक्रीस आरंभ केला. आधी वाटप, मागाहून विक्री! जहांगिराने 1617 साली तंबाखू बंद करण्याचा हुकूम काढला, आणि त्या हुकमाचे काय झाले हे कोणत्याही पानठेल्यापुढे उभे राहून पाहता येते.

दत्तशिखरावर ज्यांचे वास्तव्य मानतात, काशीस स्नान आणि कोल्हापुरास भिक्षा करून जे निद्रेस माहुरास येतात अशी लोकांची श्रद्धा आहे, त्या दत्तात्रेयांशी भागवताच्या एकादश स्कंधातील चोवीस गुरूंचा अवधूत परंपरेने एकरूप मानला जातो. त्या चोविसांत मासा आहे. जिभेच्या पायी तो गळाला लागून मरतो, आणि अवधूत पुढे असे सांगतो की इतर सर्व इंद्रिये जिंकली तरी रसना जिंकली नाही तोवर मनुष्य जितेंद्रिय म्हणवून घेण्यास पात्र होत नाही. एकनाथांनी या स्कंधावर टीका लिहिल्यापासून मराठी माणसाने हा दृष्टांत इतक्या वेळा ऐकला आहे की त्यातील एक बारकावा त्याच्या नजरेतून सुटतो: गळावरचे आमिष माशाला फुकट मिळते. मासा जर किंमत विचारणारा प्राणी असता, तर त्याला त्या तुकड्याचा भाव शून्य असाच सांगितला गेला असता, आणि ते सांगणे शब्दशः खोटेही ठरले नसते. आंबा, पुदिना, टरबूज, बबलगम अशा स्वादांची जी लांबलचक यादी या नळ्यांच्या धंद्यात निघाली, ती वाचताना मला त्या माशाची आठवण होते. पन्नाशीच्या बिडीबाजाला बबलगमच्या चवीचे आकर्षण असण्याचे काही कारण नाही. ते आमिष कोणत्या वयाच्या माशासाठी बनविले, हे सांगण्यास अवधूताची गरज नाही.

परंतु येथवर आलो तरी आपण अजून मरणाऱ्या माशाचाच विचार करीत आहो. आणि व्यसनाचा धार्मिक विचार करणारे बहुतेक लोक येथेच थांबतात. ज्याने भोगले त्याने भरले, असा एक सरळ हिशेब मांडून ते मोकळे होतात. गीतेच्या अठराव्या अध्यायात राजस सुखाचे जे लक्षण दिले आहे, प्रारंभी अमृतासारखे आणि परिणामी विषासारखे, त्याचाही अर्थ असाच लावला जातो की अमृत चाखणारा आणि विष भोगणारा एकच. प्रत्यक्षात तसे घडते काय? माहूरच्या बाजारातून सकाळी एक फेरी मारली तरी त्याची शंका येते.

रेणुकेच्या शिखराकडे जाणाऱ्या वाटेवर तांबुलाची दुकाने आहेत. नागवेलीची पाने, सुपारी, कात, चुना, बडीशेप, लवंग, वेलदोडा असे जिन्नस खलबत्त्यात घालून दुकानदार बत्त्याचे ठोके देत बसलेला असतो. पाने आधी कडकड मोडतात, मग मऊ पडतात, मग त्यांना पाणी सुटते, आणि हळूहळू हिरवा रंग जाऊन सगळ्याचा एक लालसर तपकिरी गोळा होतो, जो दात नसलेल्या म्हातारीलाही जिभेवर ठेवता यावा. साडेतीन पीठांपैकी एक पूर्ण पीठ असलेल्या या देवीचा हा प्रसाद. देवीला रस वर्ज्य नाही. तिने विडा नाकारलेला नाही, हे आपल्याकडील कोरड्या नीतिवाद्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. परंतु बाजाराच्या दुसऱ्या टोकास, जेथे यवतमाळकडची हवा लागते, तेथे ठेल्यावर खर्रा घोटला जात असतो: सुपारीचे तुकडे, तंबाखू, चुना, आणि ते सर्व एकजीव होईपर्यंत प्लॅस्टिकच्या कागदात घालून रगडणारे दोन हात. कृतीत दोहोंचे साम्य आहे, साहित्यही बरेचसे एकच, आणि एका तंबाखूने सारा फरक केलेला. तांबूल यात्रेकरू घरी नेऊन पाच जणांत वाटतो. खर्ऱ्याची पुडी खिशात लपते. दिवसाला 20 रुपये धरले तरी वर्षाचे 7,300 होतात आणि दहा वर्षांचे 73,000. हा पैसा घरातील कोणत्या खात्यातून निघतो, हे त्या घरातील बाईला विचारावे. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 26.6 टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू सेवन करताना आढळले. त्यात ओढणारे अवघे 3.8 टक्के, आणि बिनधुराचा तंबाखू खाणारे, लावणारे, मिश्री घासणारे 24.4 टक्के. म्हणजे आपल्या मुलखातले खरे उपकरण ना नळी ना पॉड; चुन्याची डबी आणि तळहात हेच ते, आणि त्याला भांडवल जवळजवळ काहीच लागत नाही.

आता चोवीस गुरूंच्या त्या आख्यानाकडे पुन्हा वळू, कारण त्यात एक गोष्ट आहे जिच्याकडे कथेकरी बुवा सहसा वळत नाहीत. अवधूताला 'तुम्ही इतके निश्चिंत कसे' हा प्रश्न विचारणारा राजा कोण? यदू. आणि हा यदू म्हणजे ययातीचा थोरला मुलगा, यादवांचा मूळपुरुष. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली म्हातारा झालेल्या ययातीने आपले म्हातारपण घेऊन तुझे तारुण्य मला दे असे ज्याला प्रथम विचारले, आणि ज्याने नाही म्हटले, तोच हा. धाकट्या पूरूने होकार दिला, म्हणून आज्ञाधारक पुत्राचा आदर्श म्हणून पुराणिकांनी त्याला डोक्यावर घेतले आणि राज्यही त्यालाच मिळाले. यदूच्या वाट्याला आली ती बापाची अवकृपा. भागवतात यदूने दिलेले उत्तर मोठे विचार करण्याजोगे आहे. तो आपल्या सुखाचा हक्क सांगत नाही. तो म्हणतो की विषयसुख स्वतः अनुभवल्याखेरीज माणसाला त्याची वितृष्णा येत नाही, तेव्हा अवेळी आलेले हे म्हातारपण मी कसे पत्करू? बापाच्या भोगाचे देणे मुलाच्या आयुष्यातून फेडले तर बापालाही तृप्ती येत नाही आणि मुलालाही विरक्ती येत नाही, एवढा अर्थ त्यात भरलेला आहे. असा हा नकार देणारा मुलगा पुढे अवधूताला भेटतो, त्याला प्रश्न विचारतो, आणि श्रीकृष्ण उद्धवाला सांगतो की ते ऐकून आमच्या पूर्वजांचा तो पूर्वज सर्व संगांतून मुक्त झाला. होकार देणाऱ्या पूरूविषयी असे कोठे म्हटलेले नाही. मला हा योगायोग वाटत नाही, निदान तो योगायोग मानून पुढे जाण्यास माझे मन तयार होत नाही.

अशा नकाराचे दुसरे उदाहरण याच गडाशी बांधलेल्या महानुभाव परंपरेतले. ती परंपरा ज्यांना अवतार मानते त्या पंचकृष्णांपैकी चक्रपाणी फलटणचे. ते माहुरास आले असता दत्तात्रेयप्रभूंनी वाघाच्या रूपात त्यांच्या मस्तकी पंजा ठेवला, आणि पुढे द्वारकेस देह ठेवून त्यांनी भडोचच्या प्रधानाच्या मृत पुत्राच्या, हरिपाळदेवाच्या, देहात प्रवेश केला, असे ही परंपरा मानते. हाच हरिपाळदेव पुढे या पंथाचे संस्थापक श्रीचक्रधर. त्यांना जुगाराचा छंद होता, ही गोष्ट म्हाइंभटांनी लीळाचरित्रात झाकून ठेवलेली नाही. आपल्या उपास्य पुरुषाच्या चरित्रात असा प्रसंग सरळ लिहावा, हे तेराव्या शतकातील त्या पंथाचे धैर्य आजच्या चरित्रकारांनी घ्यावे. एकदा डाव फिरला, पुष्कळ द्रव्य हरले, घेणेकऱ्यांचा तगादा लागला, तेव्हा त्यांनी पत्नीजवळ, कमळाइसेजवळ, तिचे अलंकार मागितले. तिने ते दिले नाहीत. त्या एका नकाराने त्यांचे मन संसारातून उठले, रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून ते घराबाहेर पडले, वाटेत ऋद्धपुरास गोविंदप्रभू भेटले, आणि मराठी भाषेच्या इतिहासाला एक वेगळेच वळण लागले. या प्रसंगाचे निरूपण करताना भर सदैव हरिपाळाच्या वैराग्यावर दिला जातो. पत्नीचा नकार म्हणजे प्रपंचाच्या स्वार्थीपणाचे एक उदाहरण, असेच त्याचे चित्र रंगते. मला मात्र वाटते की, दागिने देण्यात कमळाइसेला पतिव्रताधर्म साधता आला असता, देणे फिटले असते, आणि दुसऱ्या दिवशी फासे पुन्हा पटावर पडले असते. ज्याने सारे मोडले तो नकार तिचा होता.

येथे एक आक्षेप निघेल, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शेगावच्या गजानन महाराजांच्या हाती चिलीम होती. शिर्डीला साईबाबांची मातीची चिलीम, तिच्याभोवती गुंडाळण्याची ओली छापी, भक्तांमध्ये फिरत जाणारा तो झुरका, हे सारे भक्तीने आठवले जाते. अक्षय्य तृतीयेला चिलमीसाठी विस्तव देण्याचे जानकीराम सोनाराने नाकारले, महाराजांनी काडी वर धरवून विस्तवाविनाच चिलीम पेटविली, आणि त्या सोनाराच्या घरचे चिंचवणे किड्यांनी नासले, ही कथा वऱ्हाडापासून नांदेडपर्यंत घरोघरी ठाऊक आहे. नकार देणाऱ्याची येथे फजिती झालेली आहे! मग माझे म्हणणे कोठे राहते? भक्तजन उत्तर देतात की महाराजांना चिलमीची तलफ नव्हती, ती भक्तांच्या हौसेखातर होती. ते उत्तर मी खोडीत नाही, पण मला त्याहून साधे एक कारण दिसते. त्या अवलियाच्या मागे घर नव्हते, बायको नव्हती, शाळेची फी नव्हती. मातीच्या चिलमीला दिडकी पडली असेल, ती देणारा आपखुषीने देत होता, आणि त्याने दिली नसती तर महाराज तसेच बसले असते. ती चिलीम दुसऱ्या कोणाच्या खाती मांडलेली नव्हती. गृहस्थाने तिचा दाखला देऊन आपला झुरका पावन करून घ्यावा, हा मात्र शुद्ध लबाडीचा व्यवहार आहे. महाराजांची अंगावरचे वस्त्रही टाकून देण्याची जी वृत्ती होती तिचा दाखला असे गृहस्थ कधी देत नाहीत.

आणि याच जिल्ह्याच्या ठिकाणी, गोदावरीच्या काठी, जेथे 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला त्या हुजूर साहिबला मानणाऱ्या शिखांना, हा वाद मुळातच अमान्य आहे. शीख रहित मर्यादेत ज्या चार मोठ्या चुका, कुरहित, सांगितल्या आहेत त्यांत तंबाखू आहे. केस कापणे आणि परस्त्री-परपुरुषगमन यांच्या पंक्तीत. तलफ होती की नव्हती, खर्च कोणी दिला, असली चौकशी तेथे नाही. माझा स्वभाव मर्यादेपेक्षा विवेकाकडे झुकणारा असला तरी, तंबाखू न शिवणारा एक संपूर्ण समाज तीन शतके टिकून राहतो, याचे श्रेय त्या बिनतक्रार वर्जनालाच द्यावे लागते, हे मी प्रांजळपणे कबूल करतो.

इंग्लंडच्या बाजूनेही न्याय करावा. जळणाऱ्या सिगारेटीतील डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड या नळीत नाही. 2015 साली तेथील सार्वजनिक आरोग्य संस्थेने सिगारेटीच्या मानाने व्हेपचा अपाय सुमारे 95 टक्क्यांनी कमी असल्याचा अंदाज दिला, आणि त्या आकड्यावर पुष्कळ तज्ज्ञांनी हरकती घेतल्या तरी, चाळीस वर्षे ओढणाऱ्या माणसाला हा पालट उपकारक ठरू शकतो, हे त्यांतील अनेकांना मान्य आहे. अशा माणसाला संच फुकट देणारे सरकार एका अर्थी त्याच्या घरच्यांचे देणे स्वतःच्या खाती घेते. ते धर्मबाह्य आहे असे मी म्हणणार नाही. परंतु तेच सरकार 1 ऑक्टोबर 2026 पासून दर 10 मिलिलिटर द्रवावर 2.20 पौंड कर बसविण्याचे ठरविते, याचा अर्थ फुकट दिलेल्या वस्तूची वसुली करण्याची वेळ आल्याचे त्यालाही कळले आहे. ज्याने कधी बिडी ओढलीच नाही अशा पंधरा वर्षांच्या पोराच्या हाती ती नळी आली, की अपाय कमी झाला हा हिशेब लागूच पडत नाही. वजाबाकी कशातून करावयाची? आपल्या कायद्याने नेमके हे ओळखले, आणि दार उघडण्यापूर्वीच अडसर घातला. त्याच कायद्याच्या देशात बिडी, जर्दा आणि सिगारेट राजरोस विकली जाते, आणि 2012 साली महाराष्ट्राने बंद केलेला गुटखा ठेल्याच्या फळीखालून निघतो, ही विसंगती कोणालाही दिसेल. पण जी चूक चारशे वर्षांपूर्वी झाली ती निस्तरता येत नाही म्हणून नवी करावी, असा युक्तिवाद त्यावरून निघत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. या सर्व कायद्यांत नकार देण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवला आहे. ज्याच्या खात्यातून खर्च होतो त्याला कोणी विचारलेले नाही. याला आपल्या राज्यात एक अपवाद आहे, आणि तो दारूचा. गावातील एकचतुर्थांश महिला मतदारांनी अर्ज केला म्हणजे मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली असते. आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकानाचा परवाना जातो. अशा मतदानात मत मोजले जाते ते महिलांचे. कमळाइसेने भडोचला जे केले ते सरकारी छापाच्या कागदावर, गुप्त मतदानाने, अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली करता येते. खर्ऱ्याच्या ठेल्यासाठी अशी मतपेटी कोणत्याही गावात मांडलेली नाही, आणि ती मागणारा अर्ज नेमका कोणत्या कचेरीत द्यावा, एवढीही तरतूद आपल्या तंबाखूच्या कायद्यांत नाही.